तोळा लाखावर, हाजरी पाचशेवर

आखाजी आली की आमची एक बातमी ठरलेली असते. सराफ बाजारात जायचं, दोन दुकानदार, तीन गिऱ्हाइकं, एक फोटो. मथळा पण ठरलेला : ‘सुवर्णनगरीत खरेदीची झळाळी’. वीस वर्षं मी ही बातमी लिहितोय. २००५ ला पहिल्यांदा लिहिली तेव्हा तोळा सात हजारांच्या आसपास होता. २०२५ मध्ये तो लाखाच्या पुढे गेला.

त्या दिवशी घरी आल्यावर आईला हौसेने सांगितलं, “आई, तुझ्या पाटल्या आता तीन लाखांच्या झाल्या.”

आई म्हणाली, “भाऊ, त्या बँकम्हा शेत ना.”

खरंय. तीन तोळ्यांच्या पाटल्या लेकीच्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी ठेवल्या, त्याला तीन वर्षं झाली. दरवर्षी व्याज भरतो आणि नवं-जुनं करतो. मागच्या वेळी काउंटरवरचा मुलगा म्हणाला, “सर, भाव वाढलाय, याच दागिन्यावर अजून पैसे मिळतील.” मी घेतले. आईला अजून सांगितलेलं नाही, इथेच पहिल्यांदा लिहितोय. सोन्याचा भाव वाढला तसं माझं कर्ज वाढलं. श्रीमंती कागदावर, हप्ता खिशातून.

हे फक्त आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या पाहणीत २०१९ ते २०२२ या तीन वर्षांत मधल्या कुटुंबाची संपत्ती, महागाई वजा करूनही, ३७ टक्क्यांनी वाढलेली दिसली. त्यात मोठा वाटा घरांच्या वाढलेल्या किमतीचा. पण राहतं घर विकून कोण भाजी आणतो? त्यांचं घर, आपलं सोनं. भाव वाढतो तेव्हा ज्याच्याकडे जास्तीचं आहे तो श्रीमंत होतो. ज्याच्याकडे गरजेपुरतं आहे तो फक्त आकडा वाचतो.

आता दुसरी बाजू. एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात काम करणारे एक काका ओळखीचे आहेत. मीही नवा पत्रकार होतो तेव्हापासून ते तिथे आहेत. बारा तासांची पाळी. तेव्हा हाजरी शंभर रुपये होती, आता पाचशे. पाचपट झाली की! पण चहाच्या टपरीवर आम्ही दोघांनी हिशोब मांडला. तेव्हा एका तोळ्यासाठी सत्तर दिवस राबावं लागायचं. २०२५ मध्ये तोळा लाखावर गेला तेव्हा दोनशे दिवस. काकांनी मोठ्या मुलीच्या लग्नात दोन तोळे घातले होते. धाकटीच्या वेळी एक ग्रॅमचं पॉलिश.

माझे वडील गिरणीत होते. जळगाव, अमळनेर, धुळे, तिन्हीकडे तेव्हा गिरण्यांचे भोंगे वाजायचे. पगार थोडा होता, पण आठ तासांनी भोंगा व्हायचा आणि माणूस घरी यायचा. पगाराची चिठ्ठी असायची, फंड असायचा, युनियन असायची. आईच्या पाटल्या त्या पगारातून झाल्या. गिरणी बंद पडली तेव्हा त्या पाटल्यांनीच दोन वर्षं घर चालवलं आणि नंतर त्या सुटल्याही. माझ्याच्याने अजून सुटत नाहीत. डिप्लोमा मी केला, मानधनावर मी आहे, फंड मला नाही.

सरकारी आकडेच बघा. देशात काम करणाऱ्यांमध्ये स्वयंरोजगारवाले २०१७-१८ मध्ये ५२ टक्के होते, २०२३-२४ मध्ये ५८ टक्के झाले. ‘स्वयंरोजगार’ म्हणजे दरवेळी उद्योजक नसतो भाऊ. भावाच्या टपरीवर बिनपगारी उभा राहणारा पोरगाही त्यातच मोजतात. पगारी नोकरीवाले पाचात जेमतेम एक. फंडाच्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ साली महिना हजार रुपये ठरली. तेव्हा तोळा अठ्ठावीस हजारांच्या घरात होता. तोळा कुठे गेला, हजार तिथेच.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत वाढवायला मंजुरी दिली. कामगाराची लेखी संमती आणि जादा तासांचा दुप्पट मोबदला, असं त्यात आहे. काकांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “बारा तास तर आम्ही कधीचेच करतोय. ते डबल कोणाला मिळतं, तेवढं छापा.”

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. त्यात प्रत्येक कामगाराला नेमणूक पत्र द्यायचं आहे. काकांकडे वीस वर्षांत ते नाही. माझ्याकडेही नाही. ते मागायला मी घाबरतो, मग काकांना कोणत्या तोंडाने सांगू की तुम्ही मागा?

तरी ठरवलंय. पुढच्या आखाजीला सराफ बाजारात जाईनच, पण बातमी एमआयडीसीच्या गेटवर उभं राहून लिहीन : एका तोळ्याला किती हाजऱ्या. तुमच्याकडे नेमणूक पत्र आहे का, जादा तासांचे डबल मिळतात का, एवढं मला इनबॉक्समध्ये कळवा. नाव छापणार नाही.

आणि आई, हे कोणी वाचून दाखवलं तर रागावू नकोस. सोडवतो पाटल्या.