मी पानं लावते

'मी पानं लावते' असं सांगितलं की अनोळखी माणसाच्या डोळ्यांपुढे आधी टपरी येते. मग खुलासा करावा लागतो: विड्याची नव्हे, पुस्तकाची. लेखकाचा मजकूर संगणकावर घ्यायचा आणि त्याची छपाईला जाण्याजोगी पानं रचायची, हे काम मी १९९२पासून पुण्याच्या पेठांमध्ये करते आहे. २०१६च्या डिसेंबरात किंडलवर मराठी पुस्तकं रीतसर आली आणि प्रकाशक म्हणू लागले, "ताई, तेवढं ई-बुकचंही बघा." तेव्हापासून दोन्ही करते. एकाच मजकुराचं छापील पुस्तक सकाळी आणि ई-पुस्तक दुपारी, असंही कितीदा झालंय.

त्यामुळे लग्नामुंजीत पंगतीला बसलं की शेजारून ठरलेला प्रश्न येतो. "काय हो, ई-पुस्तक बरं की छापील?" विचारणाऱ्याला बहुतेक वेळा उत्तर नको असतं, नव्या पुस्तकाच्या वासावर दोन वाक्यं हवी असतात. वास मलाही आवडतो, पण त्यात बराचसा भाग शाईचा आणि बाइंडिंगच्या डिंकाचा असतो हे ठाऊक असल्यामुळे मी फारशी विरघळत नाही. मी उलट विचारते, "कोणतं पुस्तक?" लोक ही निवड स्वतःच्या स्वभावावरून करतात. पुस्तकालाही स्वभाव असतो आणि तो आधी विचारावा, एवढंच माझं म्हणणं आहे.

छापील पान म्हणजे काय, ते आधी सांगते. डेमी आकार, साडेपाच बाय साडेआठ इंच. एका मोठ्या कागदावर अशी सोळा पानं छापून घडी घातली की एक फर्मा होतो. दोनशे आठ पानांचं पुस्तक म्हणजे बरोबर तेरा फर्मे. मजकूर दोनशे दहा पानांवर गेला की प्रकाशकाच्या कपाळाला आठी पडते, कारण त्या दोन पानांसाठी आणखी कागद मशीनवर चढवावा लागतो. मग माझं काम सुरू होतं. कुठे परिच्छेदाची शेवटची ओळ 'होता.' एवढ्या एका शब्दाची असते. आधीच्या ओळींतल्या शब्दांमधली मोकळी जागा केसभर कमी केली की तो 'होता' वर सरकतो आणि एक ओळ वाचते. अशा वीस-पंचवीस ओळी वाचवल्या की प्रकरण एका पानाने आखूड होतं. कुठे प्रकरणाच्या दोनच ओळी नव्या पानावर सांडलेल्या असतात आणि खाली सगळं पांढरं. अशा वेळी मी लेखकाला फोन करते, "दोन ओळी कमी करता का?" काही जण रागावतात. एक ज्येष्ठ कथालेखक मात्र म्हणाले होते, "करतो. पानाला नकोत म्हणजे बहुधा कथेलाही नकोत."

म्हणजे छापील पान ही नुसती मजकुराची पिशवी नसते, ती जागा असते. 'ते वाक्य डाव्या पानावर, खालच्या बाजूला होतं' असं आपल्याला आठवतं ते यामुळेच. 

ई-पुस्तकात ही जागाच विरघळते. ईपब नावाची जी फाइल असते ती उघडून पाहिली तर आत वेबसाइटसारखीच पानं असतात, एका गाठोड्यात बांधलेली. मी त्यात फक्त सांगते: हे प्रकरणाचं शीर्षक, हा परिच्छेद, इथे चित्र. एका ओळीत किती शब्द आणि पडद्यावर किती ओळी, हे वाचणाऱ्याचं यंत्र ठरवतं. अक्षर मोठं केलं की सगळा मजकूर पाण्यासारखा पुढे सरकतो. माझी वाचवलेली ओळ, लेखकाने कापलेलं वाक्य, सगळं त्यात वाहून जातं. सुरुवातीला मला ह्याचा राग यायचा. तो गेला आईमुळे.

आई त्र्याऐंशी वर्षांची आहे. तिच्या डोळ्यांचा पडदा वयाने खराब झाला आहे आणि चष्म्याचा नंबर वाढवून आता उपयोग नाही. छापील पुस्तकातलं अक्षर तिला मुंगीएवढं दिसतं. तिला ई-इंकचं वाचनयंत्र आणून दिलं. ह्या पडद्यामागे दिवा पेटलेला नसतो. केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्यांमध्ये काळे आणि पांढरे कण असतात, विजेच्या इशाऱ्याने हवे ते वर येतात आणि मग वीज न खाता तिथेच थांबतात. बाहेरचा उजेड कागदासारखा त्यांच्यावरून परततो. आईने अक्षर इतकं मोठं केलं की ओळीत चार-पाच शब्दच मावतात. तरी तिने सहा वर्षांनी पहिली कादंबरी पुरी केली. ती करताना पानं कशी लागली होती, हे तिने मला विचारलं नाही.

कादंबरीचा स्वभावच वाहता आहे. तिला डेमी पान मिळो की तळहाताएवढा पडदा, ती चालते. स्पेन आणि इस्रायलमधल्या संशोधकांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचे आणि १,७१,०००हून अधिक वाचकांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले. माहितीपर मजकूर कागदावर अधिक चांगला समजतो आणि वेळेचं बंधन असेल तर हा फरक आणखी वाढतो, असं त्यांना दिसलं; कथात्म मजकुरात मात्र फरक आढळला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. कथेत आपण पुढे जातो. माहितीच्या पुस्तकात पुढे-मागे जातो, आणि मागे जायला जागा आठवावी लागते.

कवितेचं तर विचारूच नका. कवीने ओळ जिथे तोडली तिथेच ती तुटली पाहिजे. पडद्यावर अक्षर मोठं केलं की तिचे शेवटचे दोन शब्द खाली घरंगळतात आणि वाचकाला वाटतं, कवीनेच तोडलंय. पाककृतींची पुस्तकं, तक्ते, लहान मुलांची चित्रपुस्तकं, ज्यात चित्र डावीकडे आणि त्यातला बोका उजव्या पानावर पळतो, ही सगळी पानाला चिकटलेली पुस्तकं आहेत. ती मी ई-पुस्तकात करून देते, पण करताना जीव लागत नाही.

कोशांचा स्वभाव दुहेरी. मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ची दुसरी आवृत्ती आज इंटरनेटवर शब्द टाकून शोधता येते. कामाच्या घाईत मी तीच वापरते. क्षणात शब्द मिळतो. कागदावर मात्र 'घाणा' शोधायला जावं तर वाटेत 'घाट' आणि 'घाटी' भेटतात आणि अर्धा तास जातो. कामासाठी पडदा, रविवारसाठी कागद.

घाण्यावरून माझी एक फजिती सांगायलाच हवी. आमच्या पिढीने जे टाइप केलं ते युनिकोडमध्ये नव्हतं. तेव्हाच्या फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत आणि आम्ही ते दिसतील तसे एकापुढे एक ठेवत असू. 'कि' टाइप करताना पहिली वेलांटी आधी, मग क. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम: क आधी, वेलांटी नंतर. 'धर्म'मधला रफार आम्ही म झाल्यावर डोक्यावर ठेवायचो. युनिकोडमध्ये तो र म्हणून म च्या आधी येतो. त्यामुळे जुनी फाइल नव्या पद्धतीत आणणं म्हणजे प्रत्येक शब्दाची हाडं पुन्हा बसवणं. हे काम प्रोग्राम करतो, आणि कुठे कुठे चुकतो. सगळ्यात जास्त चुकतो तो पापणीसारख्या दिसणाऱ्या अर्ध्या र वर. 'दऱ्या'चा 'दर्या' होतो आणि सह्याद्रीत समुद्र घुसतो. माझ्या हातून गेलेल्या एका कादंबरीच्या ई-पुस्तकात लग्नघरी आचाऱ्यांनी जिलेबीचा घाणा काढायचा होता. तो काढला आचार्यांनी. एका वाचकाने प्रकाशकाला पत्र लिहून विचारलं, हे कोणत्या पीठाचे?

छापील पुस्तकात अशी चूक गेली तर शुद्धिपत्राचा कपटा घालायचा आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहायची. ई-पुस्तकात मी ती एका संध्याकाळी दुरुस्त केली आणि फाइल पुन्हा चढवली. मोठाच दिलासा. पण त्या रात्री जरा विचार केला. दुरुस्ती ज्या वाटेने वाचकापर्यंत जाऊ शकते, त्याच वाटेने पुस्तक परतही नेता येतं. जुलै २००९ मध्ये नेमकं तेच झालं होतं. हक्क नसलेल्या विक्रेत्याने विकलेल्या प्रती म्हणून अमेझॉनने लोकांच्या किंडलमधून पुस्तकं काढून घेतली, पैसे परत केले, आणि नंतर माफीही मागितली. ती पुस्तकं होती जॉर्ज ऑरवेलची, त्यात '१९८४'. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-पुस्तकांचं दुकान बंद केलं तेव्हा विकलेली पुस्तकंही बंद पडली; पैसे मात्र परत मिळाले. आपण विकत घेतो ती बहुतेक वेळा वाचण्याची परवानगी असते. जीएसटीच्या हिशेबातही छापील पुस्तकावर कर नाही आणि ई-पुस्तकावर आहे, कारण तिथे ती वस्तू नव्हे, सेवा. एखादा दिवाळी अंक तुम्ही वाचून वहिनींना द्याल, त्या शेजारी देतील. वाचनालयाच्या योजनेतला असेल तर फाल्गुनापर्यंत त्याचं मुखपृष्ठ सुटलेलं असेल. परवानगी अशी हातोहात फिरत नाही.

मग कागदच टिकाऊ म्हणावा का? माझा अनुभव दोन्ही बाजूंनी कान पिळतो. १९९६ साली मी रचलेल्या एका कादंबरीचं ई-पुस्तक करायचं ठरलं. सीडी जपून ठेवली होती. उघडली तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, प्रश्नचिन्हं आणि डॉलरच्या खुणा. तो फॉन्ट चालायला संगणकाच्या मागे प्रिंटरच्या खाचेत एक कुलूप लावावं लागे, डोंगल म्हणत. कुलूप हरवलं होतं आणि तशी खाच असलेला संगणकही राहिला नव्हता. एकवीस वर्षांत फाइल मेली. प्रकाशकाकडची प्रत रद्दीत गेलेली. शेवटी लेखकाने स्वतःची प्रत आणून दिली. तिच्यात छपाईच्या चुका त्यांनी पेन्सिलीने सुधारलेल्या होत्या आणि एका पानावर एक विशेषण खोडलं होतं. त्या प्रतीवरून आम्ही अख्खी कादंबरी पुन्हा टाइप केली. खोडलेलं विशेषण खोडलेलंच ठेवलं.

उलटही घडलंय. चाळीस-पन्नासच्या दशकांतला एक कथासंग्रह समोर आला. स्वस्त कागद, लाकडाच्या लगद्यातलं लिग्निन तसंच राहिलेलं, त्यात आम्लाचा अंश. पान उलटलं की कोपरा पापडासारखा तुटून बोटात यायचा. एकदाच, शेवटचं म्हणून, प्रत्येक पान उलटून स्कॅन केलं. आता तो संग्रह फाइलमध्येच जिवंत आहे, आणि ती फाइल कोणीतरी दर काही वर्षांनी नव्या यंत्रावर उतरवत राहिलं तरच राहील. कागदाला कोरडं कपाट लागतं, फाइलला माणूस लागतो.

म्हणून माझ्या घरी सरळ वाटणी आहे. कादंबऱ्या, प्रवासात वाचायचं आणि एकदाच वाचायचं ते यंत्रात. कविता, कोश, संदर्भाला लागणारं, आणि कोणाला तरी देण्यासारखं ते कागदावर. जे पुस्तक आपल्यानंतरही राहावं असं वाटतं, ते दोन्हीकडे.

ह्या वाटणीत आईने एक भर घातली. दर सोमवारी ती शिवलीलामृताचा अकरावा अध्याय वाचते. पोथी जुनी, सुट्या पानांची. ती तिला मुळीच दिसत नाही म्हणून मी तो अध्याय मोठ्या अक्षरात यंत्रात भरून दिला. एक सोमवार तिने माझ्या समाधानासाठी वाचला. पुढच्या सोमवारी पोथी पुन्हा पाटावर. "त्यात मी कुठवर आले तेच कळत नाही गं," म्हणाली. अध्याय तिला पाठ आहे. एक पान संपलं की ती ते उचलून पलीकडे पालथं ठेवते. वाचलेल्या पानांची चळत वाढते, राहिलेल्यांची उतरते, आणि दोन्ही हाताला लागतात.

मी यंत्र चार्जिंगला लावून ठेवलं. मंगळवारी तिला कादंबरी लागणार होती.