सदाशिव पेठेतून हॉकीच्या मैदानाकडे

सदाशिव पेठ म्हटली की महाराष्ट्रात सगळ्यांना दोन गोष्टी आठवतात: दारांवरच्या पुणेरी पाट्या आणि दुपारी एक ते चार बंद असलेली दुकाने. हॉकी कुणालाच आठवत नाही. तरीही आम्ही मागच्या रविवारी या पेठेत फिरलो ते हॉकीचाच प्रश्न मनात घेऊन. पुण्याला उद्या व्यावसायिक हॉकीचा नवा संघ मिळाला, तर हे शहर त्याला आपला म्हणेल का? आणि त्यासाठी आधी काय तयारी करावी लागेल?

प्रश्न हवेतला नाही. पुण्याला असा संघ एकदा मिळालेला आहे. 2012 साली वर्ल्ड सिरीज हॉकी ही आठ शहरा-प्रांतांच्या संघांची स्पर्धा झाली. त्यात ‘पुणे स्ट्रायकर्स’ हा आपला संघ होता. 29 फेब्रुवारीला स्पर्धा सुरू झाली आणि 2 एप्रिलला मुंबईच्या महिंद्रा स्टेडियमवर अंतिम सामना झाला. पुणे त्या सामन्यापर्यंत पोहोचले होते. शेर-ए-पंजाबने 5-2 असा विजय मिळवला. पहिल्याच वर्षी उपविजेतेपद म्हणजे काही थोडे नव्हे. पण देशातल्या दोन हॉकी संघटनांचा वाद चालू होता, आंतरराष्ट्रीय महासंघाची मान्यता नव्हती, आणि दुसरा हंगाम झालाच नाही. आज पेठेत दहा जणांना विचारले तर पुणे स्ट्रायकर्सचे नाव एखाद्यालाच आठवते.

आम्ही स्वारगेटला उतरून टिळक रोडने निघालो. डाव्या-उजव्या बाजूला संस्थाच संस्था. 1916 साली सुरू झालेले सर परशुरामभाऊ महाविद्यालय आणि त्याचे मोठे मैदान. 1924 साली शिवरामपंत दामले यांनी स्थापन केलेले महाराष्ट्रीय मंडळ, जिथे व्यायाम हा शिक्षणाचाच भाग मानला गेला. आत गल्ल्यांत शिरले की देवळांची नावे ऐकून पोरे हसू लागतात: उपाशी विठोबा, खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती. भारत इतिहास संशोधक मंडळ इथेच आहे. तिथे जपलेल्या कागदांत फार्सी कागदही आहेत, हे आपल्या घरांत फारसे कुणाला माहीत नसते.

नागनाथ पाराजवळ एका कट्ट्यावर बसलेल्या आजोबांना आम्ही विचारले, “आजोबा, पेठेत हॉकी खेळायचे का कुणी?”

“हॉकी? ती खडकीची आणि कॅम्पाची. आमच्याकडे मल्लखांब, खो-खो, कबड्डी,” ते म्हणाले. मग आमच्यासोबतच्या नववीतल्या मुलीकडे पाहून विचारले, “तू खेळतेस का गं?” तिने मान हलवली. “मग खेळ. पण इथे कुठे खेळणार? गाडी लावायला जागा नाही.”

आजोबांच्या या दोन वाक्यांत पुण्याच्या खेळाचा सगळा नकाशा आहे. पेठांत वाडे एकमेकांना चिकटून उभे. चौकात, आखाड्यात, शाळेच्या अंगणात जे मावेल तेच खेळले जाई. लकडी पूल ओलांडला की डेक्कन जिमखाना लागतो. 1906 साली निघालेल्या या संस्थेत खो-खोच्या नियमांना आकार मिळाला. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला गेलेल्या खेळाडूंची हकीकतही इथूनच सुरू होते. हॉकी मात्र लष्कराबरोबर आली. तिला लांबरुंद मैदान लागते, ते छावणीत होते. म्हणून खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत, कॅम्पात, घोरपडीत ती रुजली. तमिळ, ख्रिस्ती, मुस्लिम अशा सगळ्या घरांतली मुले एकाच मैदानावर धावली.

त्याच खडकीत 1968 साली धनराज पिल्ले जन्मले. मोडक्या स्टिक दोरीने बांधून खेळणारा हा मुलगा पुढे चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळला. 1998 च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने सुवर्णपदक मिळवले. मुलींच्या बाजूनेही पुणे मागे नव्हते. पुण्याच्याच एलिझा नेल्सन यांच्या कर्णधारपदाखाली 1982 च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत भारतीय महिलांनी सुवर्णपदक जिंकले.

हॉकीशी आपल्या समाजाचे नाते तर जुनेच. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये भोपाळचे अहमद शेर खान सुवर्णविजेत्या संघात होते. त्यांचे पुत्र अस्लम शेर खान यांनी 1975 च्या विश्वचषकात मलेशियाविरुद्ध उपांत्य सामन्यात बरोबरीचा गोल केला, म्हणून भारत अंतिम फेरीत गेला आणि जग जिंकला. 1980 च्या मॉस्कोत मोहम्मद शाहिद आणि झफर इक्बाल होते. अलीकडे लखनऊच्या मुमताज खानने कनिष्ठ विश्वचषकात देशाचा गणवेश घातला. तिच्या घरी भाजीची गाडी लावून संसार चालत असे.

मग पुण्यात संघ येतात आणि जातात, असे का होते? क्रिकेटचे पुणे वॉरियर्स आले, गेले. रायझिंग पुणे सुपरजायंट 2017 चा अंतिम सामना एका धावेने हरले आणि संपले. फुटबॉलचा एफसी पुणे सिटी 2014 ला आला, 2019 ला गेला. टिकली ती कबड्डीची पुणेरी पलटण, आणि 2024 साली ती विजेतीही ठरली. कारण उघड आहे. कबड्डी इथल्या गल्लीत आधीपासून होती. संघ वरून आला, पण मूळ खाली होते.

हॉकीचे मूळही पुण्यात आहे, फक्त ते नदीपलीकडे आहे. पेठेकडे संस्था, शाळा आणि चिकाटीने तिकीट काढून येणारा प्रेक्षक आहे. खडकी-कॅम्पाकडे खेळाडू आहेत. नव्या संघाची पहिली तयारी म्हणजे या दोन पुण्यांची गाठ घालणे. पेठेतल्या शाळांनी आठवड्यातून दोन दिवस मुले मैदानावर न्यावीत, छावणीतल्या जुन्या खेळाडूंनी त्यांना शिकवावे. याला कोटींची गरज नाही.

दुसरी तयारी पाण्याची. 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून हॉकी गवतावरून कृत्रिम पृष्ठभागावर गेली. मोठ्या सामन्यांच्या मैदानावर खेळाआधी पाणी मारावे लागते. खजिना विहीर आणि पेठेच्या हौदाचे नाव अजून सांगणाऱ्या या भागाला पाण्याचे मोल वेगळे सांगायला नको. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या शहरात सामन्याचे पाणी प्रक्रिया केलेलेच असावे, हे आधीच ठरले पाहिजे.

तिसरी तयारी जाण्यायेण्याची. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद हॉकी स्टेडियम आहे. 2012 साली कोंढव्याच्या किंवा पेठेच्या मुलीला तिथे जायचे तर दोन बस बदलाव्या लागत. आता सप्टेंबर 2024 पासून स्वारगेटहून थेट पिंपरीपर्यंत मेट्रो धावते. संत तुकाराम नगरला उतरले की नेहरूनगर जवळ. संध्याकाळचा सराव संपवून मुलगी एकटी घरी येऊ शकते का, या प्रश्नावर किती खेळाडू तयार होतील हे अवलंबून आहे. अम्मी-अब्बूंची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर मुलीला घरी ठेवणे नव्हे. पाच मुलींनी मिळून जाणे, महिला प्रशिक्षक मागणे, अंगभर पोशाखाची सोय आधीच बोलून घेणे, ही त्याची उत्तरे आहेत.

पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांनी हजरत आयेशा (रजि.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. ईदच्या दिवशी हबशी लोकांचे भाल्याचे खेळही त्यांना दाखवले होते. म्हणजे खेळणे आणि खेळ पाहणे, दोन्हीला आपल्याकडे जागा आहे.

शेवटची तयारी वेळापत्रकाची. हॉकी इंडिया लीग डिसेंबर 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली. पुरुषांचे आठ संघ, महिलांचे चार, महाराष्ट्राचा एकही नाही. ही लीग थंडीत होते. रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो, आणि 2028 साली तो जानेवारीच्या अखेरीस सुरू होईल. मैदानावर नमाजची जागा, वजूचे पाणी आणि इफ्तारनंतर सुरू होणारा सामना, एवढे आजच मागून ठेवले तर स्टेडियमच्या पायऱ्यांवर आपली कुटुंबेही दिसतील.

संघ कधी येईल हे पैसे लावणारे ठरवतील. मैदान, प्रशिक्षक आणि स्टिक हातात घेतलेल्या मुली मात्र आपण आजपासून तयार करू शकतो. संघ उशिरा आला तरी त्यांचा खेळ वाया जाणार नाही. जूनमध्ये शाळा उघडेल, तेव्हा क्रीडाशिक्षकांना एकदा भेटून विचारा: हॉकी सुरू करता का? चार पालक एकत्र गेले तर नाही म्हणणे त्यांना अवघड जाईल, इन्शाअल्लाह.