किहीमचा किनारा आणि एक विणकर

मालेगावात शांतता झाली की माणूस दचकतो. यंत्रमागांची खटखट चालू असेल तर सगळे ठीक. ती थांबली तर वीज गेली असेल, नाहीतर बाजारात मंदी आली असेल. शुक्रवारी कारखाने बंद असतात, तेवढीच आमची हक्काची शांतता.

आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर चार माग होते. सूत महागले, कापडाला भाव मिळेना, तेव्हा गेल्या वर्षी अब्बांनी ते विकले. भंगारवाल्याने वजनावर नेले. त्या रात्रीपासून अब्बांची झोप उडाली. "आवाजच नाही, तर झोप कशी येणार?" असे म्हणायचे आणि दिवसभर दाराशी बसून राहायचे. चाळीस वर्षे मागावर काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू येते. तरी मागांचा आवाज मात्र त्यांना जमिनीतून कळायचा.

सप्टेंबरच्या शेवटी मुलांच्या हट्टामुळे समुद्रावर जायचे ठरले. अम्मींनी तर साठी ओलांडली तरी समुद्र पाहिला नव्हता. अब्बा "तुम्ही जाऊन या" म्हणत होते. अम्मी म्हणाल्या, "तुम्ही नाही, तर मीही नाही." मग ते निघाले.

पहिला मुक्काम भिवंडीला, खालाजानकडे. भिवंडीही आपल्यासारखीच मागांची. शेजारचा कारखाना रात्रभर चालू होता. आम्हाला डोळा लागेना आणि अब्बा मात्र फज्रपर्यंत गाढ झोपले! दुसऱ्या दिवशी पनवेल, पेण, वडखळ करत अलिबागला पोहोचलो.

अलिबाग हे नाव अली नावाच्या एका सधन माणसाच्या बागांवरून पडले, असे सांगतात. गावासमोर पाण्यात कुलाबा किल्ला उभा आहे. ओहोटीला तिथे चालत जाता येते. शहरात चुंबकीय वेधशाळा आहे. ती आधी मुंबईत कुलाब्याला होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर नाजूक उपकरणांच्या नोंदी बिघडतील, म्हणून १९०४ साली तिचे काम अलिबागला आणले. एकेकाळी यंत्रेसुद्धा शांतता शोधत इथे आली, याची गंमत वाटली.

आज मात्र रविवारी अलिबागचा किनारा म्हणजे जत्राच. घोडागाड्या, पाण्यावरच्या मोटारी, भेळ, फुगे, आणि जिकडे तिकडे फोटो काढणारे. मुले खूश होती. अम्मी मात्र बुरखा सावरत वाळूच्या कडेला उभ्या राहिल्या. "एवढ्या लोकांत पाण्यात कुठे जाऊ?" म्हणाल्या. अब्बा गाडीतच बसून होते.

म्हणून सोमवारी किहीम गाठले. अलिबाग-रेवस रस्त्याने उत्तरेकडे निघायचे आणि चोंढीला समुद्राकडे वळायचे. दहा-बारा किलोमीटरचा रस्ता. दोन्ही बाजूंना नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. शनिवार-रविवारी इथेही पाहुणे येतात, पण सोमवारी सकाळी किनाऱ्यावर जाळी सुकवणारी दोन माणसे आणि आम्ही, एवढेच होतो. सुरूच्या झाडांतून वारा येत होता. दूर पाण्यात खांदेरी आणि उंदेरी ही दुर्गांची बेटे दिसत होती.

अम्मींनी इकडे तिकडे पाहिले, चपला काढल्या आणि नातीचा हात धरून सरळ घोटाभर पाण्यात गेल्या. पहिल्या लाटेला घाबरल्या, दुसरीला हसल्या. मग म्हणाल्या, "माझे अब्बा याच पाण्यातून हजला गेले." तेव्हा मुंबईहून जेद्दाला हाजींची जहाजे जात. १९९५ नंतर ती बंद झाली आणि सगळे विमानाने जाऊ लागले. अम्मी बराच वेळ पश्चिमेकडे पाहत राहिल्या.

अब्बा वाळूत बसले होते. मी जवळ जाऊन विचारले, "कसे वाटते?" ते म्हणाले, "इथेही आवाज नाही." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती, पण आनंदही नव्हता.

अब्बांना इथे आणण्यामागे माझ्या मनात आणखी एक कारण होते. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव आपल्या मुलांच्या पुस्तकात असते. १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत, सुलेमानी बोहरा कुटुंबात त्यांचा जन्म झाला. आईवडील लहानपणीच वारले; मामा अमीरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांना वाढवले. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने त्यांनी एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला मामांनी त्यांना बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत पाठवले आणि तिथून त्यांच्या आयुष्याची दिशा ठरली.

पण किहीमची गोष्ट पुढची आहे. सालिम अली मुंबईच्या संग्रहालयात नोकरीला होते. जर्मनीला जाऊन, बर्लिनमध्ये पक्षिशास्त्र शिकून १९३० साली ते परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! शिक्षण होते, पण काम नव्हते. तेव्हा पत्नी तहमीना यांच्यासह ते किहीमच्या घरी राहायला आले. घराजवळच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याचे दिवस होते आणि घरटी विणणे सुरू होते. हातात दुसरे काम नव्हते, म्हणून ते रोज तासन्‌तास आडोशाला बसून पाहू लागले. त्या पाहण्यातून जे निघाले, ते त्यांनी १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात छापले आणि जगभरचे जाणकार त्यांना ओळखू लागले.

हे मी अब्बांना मोठ्याने सांगितले. "म्हणजे त्याचेही माग बंद पडले होते," अब्बा म्हणाले. थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "आणि तो पक्षी कुठे आहे?"

वाडीत चौकशी केली. एका वाडीवाल्या काकांनी विहिरीकडे नेले. विहिरीवर झुकलेल्या शिंदीच्या झाडाला दहा-बारा घरटी लोंबत होती. हंगाम सरत आला होता, तरी दोन-तीन नर अजून कामात होते. डोके पिवळेधमक आणि चोचीत भाताच्या पात्याची लांब हिरवी चिंधी.

आपल्या शेजारच्या खान्देशच्या बहिणाबाई चौधरींनी सुगरणीवर कविता केली आणि तिचे कौतुक घराघरात गेले. नावही स्त्रीचे. पण घरटे विणतो तो नर. पात्याला चोचीने खाच पाडून तो उडतो आणि लांब धागा सोलून आणतो. आधी फांदीला गाठी मारतो, मग कडे विणतो, मग टोपीसारखा अर्धा खोपा तयार करतो. तेव्हा मादी तपासायला येते. पसंत पडले, तर ती आत राहायला येते आणि नर खालची बोगद्यासारखी नळी पुरी करतो. नापसंत झाले, तर ते घरटे अर्धेच सोडून तो नवे विणायला घेतो. एक घर मार्गी लागले की हा पठ्ठ्या दुसरे घरटे आणि दुसरी मादी पाहतो. हा सगळा क्रम सालिम अलींनी इथे बसून उलगडला.

अब्बांनी चष्मा पुसला. विहिरीच्या कठड्यावर बसून ते जवळजवळ तासभर वर पाहत राहिले. मग म्हणाले, "याच्याकडे ताणा नाही, नुसताच बाणा आहे. तरी गाठ पक्की मारतो." एक अर्धे घरटे वाऱ्यावर हलत होते. त्याकडे बोट दाखवून नातवाला म्हणाले, "हा माल व्यापाऱ्याने नापास केला." माग विकल्यापासून अब्बांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिले. मुलाने विचारले, "दादा, मग तो आता काय करतो?" अब्बा म्हणाले, "बघ ना, शेजारच्या फांदीवर दुसरे सुरू केले आहे."

असरची वेळ झाली. समुद्राच्या पाण्याने वुजू होतो, हे पुस्तकात वाचलेले त्या दिवशी प्रत्यक्ष केले. कोकणच्या किनाऱ्यावर किब्ला समुद्राकडेच येतो, पश्चिमेला किंचित उत्तरेकडे. प्रवासात असल्यामुळे कसर, दोनच रकात. अब्बांनी इमामत केली. सलाम फेरल्यावर मी त्यांना सूरह नूरमधल्या पक्ष्यांच्या तसबीहची आठवण दिली. ते म्हणाले, "आज डोळ्यांनी पाहिली."

परत निघताना त्यांनी गाडीशी थांबून वाळूवर तळहात टेकवला. भरती चढत होती. "लाट आपटली की कळते," म्हणाले.

मालेगावला आल्यावर सगळे बदलले, असे नाही. खालचा मजला रिकामाच आहे आणि अब्बांची झोप अजून तुटक आहे. पण आता असरनंतर ते दाराशी बसत नाहीत. गल्लीतल्या एका कारखान्यात नवी पोरे आली आहेत. तुटलेल्या धाग्याला झटपट गाठ कशी मारायची, ते त्यांना दाखवायला जातात. पैसे घेत नाहीत. कारखानदार चहा पाजतो, तेवढाच.

वाचक बंधू-भगिनींनो, अलिबागला गेलात तर एक दिवस किहीमसाठी ठेवा, शक्यतो आठवड्याच्या मधला. मुंबईहून गेटवेवरून मांडव्याला बोटीने गेलात तर किहीम आणखी जवळ पडते. पावसाळ्यात मात्र बोटी चालू आहेत का, ते विचारून निघा. सुगरण पाहायची असेल तर पावसाळ्यातच जा, आणि घरट्यांना हात लावू नका. घरातल्या वडीलधाऱ्यांना "तुम्हाला काय करायचे तिथे" म्हणून मागे ठेवू नका. अम्मींनी पुढच्या सहलीसाठी आत्ताच चपला वेगळ्या काढून ठेवल्या आहेत, आणि या वेळी अब्बाही तारीख विचारत आहेत.