लेकीचं फिजिक्स

आमची थोरली दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. विज्ञानात ८६ गुण पडले म्हणून अकरावीला सायन्स घेतलं. उंब्रजहून कराड सतरा-अठरा किलोमीटर, एसटीचा पास निघाला, सगळं सुरळीत वाटत होतं. पुस्तक हातात आलं आणि ते होतं इंग्रजी. नववी-दहावीत तिला नीट कळलेलं त्वरण आता ॲक्सिलरेशन झालं होतं, संवेगाचं मोमेंटम, जडत्वाचं इनर्शिया. पहिल्या चाचणीत २५ पैकी ६ मिळाले. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "अम्मी, मेरेकु आर्ट्सकू डालो. ये मेरेसे नै होता."

शाखा बदलायला पंधरा दिवसांची मुदत होती. माझ्या नणंदेला तर हे आधीपासूनच पटलं नव्हतं. पोरीनं रोज एसटीने जायचं, संध्याकाळी उशिरा यायचं, आणि त्यात पुन्हा नापास व्हायचं, तर मग कशाला? क्लासची फी विचारून आलो. यांचं महामार्गाच्या कडेला वेल्डिंगचं दुकान आहे. उसाच्या ट्रॉल्यांची दुरुस्ती हे मुख्य काम. एका विषयाच्या फीत गळीत हंगामाची निम्मी कमाई गेली असती. सायन्सला एकच विषय नसतो.

मी बारावी आर्ट्स. फिजिक्स मला येत नव्हतं, आजही येत नाही. पण शिलाई करता करता ऐकता येतं. तिला म्हटलं, "सवाल क्या पूछ रहा वो बोल पैले. अपनी बोली में बोल." ती इंग्रजी वाक्य वाचायची आणि मला सांगायला म्हणून घरच्या बोलीत आणायची. दोन-तीन दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. गणित तिला अडत नव्हतं, उदाहरण काय म्हणतंय तिथेच ती अडत होती. 'फ्रॉम रेस्ट' म्हणजे गाडी थांबलेली आहे, सुरुवातीचा वेग शून्य, एवढं कळलं की पुढचं तीच सोडवायची. वहीच्या मागच्या पानांवर तिने शब्दांची यादी सुरू केली. एका बाजूला इंग्रजी, दुसऱ्या बाजूला दहावीच्या पुस्तकातला मराठी शब्द. महिन्याभरात ती यादी चार पानांवर गेली.

माझा भाऊ ट्रक चालवतो, कोल्हापूर-मुंबई. जाता-येता चहाला थांबतो. एकदा ती ब्रेकचं उदाहरण घेऊन बसली होती: गाडी ताशी ७२ किलोमीटर वेगाने चालली आहे, ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंद इतका कमी होतो, तर किती अंतरावर थांबेल? ७२ म्हणजे सेकंदाला २० मीटर. वेगाचा वर्ग, त्याला त्वरणाच्या दुपटीने भागायचं, उत्तर ४० मीटर. मामू म्हणाला, "आता ३६ च्या स्पीडचं काढ." तिला वाटलं २० येईल. आलं १०. मामूने मान डोलवली. "नवीन पोरांना हेच कळत नाही. स्पीड डबल केली की थांबायला चौपट रस्ता लागतो. आणि पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गाडी पळते ते वेगळंच." ते वेगळंच म्हणजे किती, तेही तिने काढलं. एक सेकंद धरला तर ७२ च्या वेगाला आणखी २० मीटर. खंबाटकीचा बोगदा ओलांडल्यावर पुण्याकडे उतरताना जे एस आकाराचं वळण लागतं, त्याबद्दल मामू मग अर्धा तास बोलला. चहा गार झाला.

शिलाई मशीनचं उदाहरण मात्र माझं. दोन चाकं एका पट्ट्याने जोडली आहेत, मोठं एकदा फिरलं तर धाकटं किती वेळा? मी म्हटलं, हे तर माझ्या पायाखालीच आहे. इंचपट्टीने मोजलं. खालचं चाक १२ इंच, वरचं जिथे पट्टा बसतो तिथे ३ इंच. म्हणजे चार फेऱ्या. वरच्या चाकावर कापडाच्या खडूने रेघ ओढली, मी खालचं चाक हाताने हळूहळू दहा वेळा फिरवलं, तिने मोजलं. चाळीस यायला हव्या होत्या, अडतीस आणि थोडं आलं. पुन्हा केलं, पुन्हा तेवढंच. ती चिडली. मला मात्र बरं वाटलं, कारण पट्टा सैल झाल्याचं मी यांना कधीपासून सांगत होते.

पुण्यात इंजिनिअरिंग करणारा तिचा चुलतभाऊ मोबाइलवर सोडवलेल्या उदाहरणांचे फोटो पाठवायचा. पोरगं गुणी आहे, रात्री बाराला विचारलं तरी पाच मिनिटांत उत्तर हजर. तिने ते सुबक अक्षरात उतरवून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी आकडे बदलले की पुन्हा तिथेच अडायचं. शेजारच्या गल्लीत एक निवृत्त गुरुजी आहेत, त्यांची तऱ्हा उलटी. ते उत्तर कधीच सांगत नाहीत. वही बघायची आणि म्हणायचं, "आकृती कुठाय? वजन कुठल्या दिशेला ओढतंय ते बाणाने दाखव, मग ये." ती धुसफुसत घरी यायची आणि बाण काढता काढताच तिला सुटायचं. त्यांनी एच. सी. वर्मांच्या पुस्तकाचा पहिला भाग दिलाय, पाठ निघालेला, डिंकाने चिकटवलेला. फी विचारली तर म्हणाले, ईदला शीरखुर्मा पाठवा. भावाला मी सांगितलं, बेटा, फक्त पहिली ओळ पाठवत जा. त्याला ते जड गेलं, पण पाठवू लागला.

आता ती बारावीत आहे. पहिलाच धडा वर्तुळाकार गतीचा, त्यात उरुसातला मौत का कुआँ आहे हे पाहून धाकटाही पुस्तकात डोकं घालून बसला. विहिरीची त्रिज्या ५ मीटर, घर्षणाचा गुणांक ०.५, तर निदान सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेग हवा. मोटारसायकलवाला जाडा असो की हडकुळा, वेग तेवढाच लागतो. हे धाकट्याला अजून पटलेलं नाही.

वळणावर उलटणाऱ्या गाडीचं उदाहरण तिने दुकानात नेलं. तिचे अब्बा तसे अभ्यासात लक्ष घालत नाहीत. त्या दिवशी त्यांनी कोब्यावर खडूने ट्रॉली काढली. दोन चाकांत १.८ मीटर, ऊस रचल्यावर वजनाचा मध्य जमिनीपासून तेवढाच उंच, वळणाची त्रिज्या २० मीटर. उत्तर आलं ताशी ३६. मध्य निम्म्या उंचीवर आणला तर ५१. ती म्हणाली, "अब्बा, पन ५१ के पैले चाकं घसरेंगे." घर्षण ०.६ धरून तिने काढलं, ३९ लाच घसरतील. यांनी वेल्डिंगचा चष्मा वर केला आणि दोन्ही आकडे पुन्हा विचारले. घसरलेली ट्रॉली दुरुस्तीला येते तेव्हा काम थोडं असतं. उलटलेलीचा सांगाडाच पिळलेला असतो. ऊस उंच रचू नका म्हणून हे सगळ्यांनाच सांगतात, पण वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, मग ऐकतो कोण?

अकरावीच्या वार्षिक परीक्षेत तिला फिजिक्सच्या लेखी पेपरात ७० पैकी ४९ मिळाले. नणंदेने ते ऐकलं, काही बोलली नाही. गेल्या महिन्यात मात्र तिने आपल्या मुलीला, दहावीतल्या, वही घेऊन आमच्याकडे पाठवलं. थोरली तिला म्हणत होती, "आकृती कुठाय?"