पांडुरंगाची सोबत

आज पुन्हा ‘कोसला’ ही कादंबरी वाचून संपवली. भालचंद्र नेमाडे यांनी ती ऐन पंचविशीत लिहिली, १९६३ साली ती आली. तरी तिचा नायक पांडुरंग सांगवीकर मला कालचाच वाटतो. खानदेशातल्या सांगवीतून पुण्याला शिकायला गेलेला, वसतिगृहात राहिलेला, मेसचा कारभार अंगाशी आलेला आणि शेवटी रिकाम्या हातांनी गावी परतलेला पोरगा.

मीही असाच माझ्या गावातून, कडेगावातून, पुण्याला गेलो तेव्हा माझ्या तोंडून गावाकडचं ‘काय करायलाईस?’ निघालं की खोलीतली पोरं एकमेकांकडे बघायची. हळूहळू मी बोलणंच कमी केलं. मोहरमला गावी आलो, तर उंचच उंच ताबुतांच्या भेटी बघायला सगळा मुलूख लोटलेला. ओळखीच्या त्या गर्दीतही मी परकाच.

तशात पांडुरंग भेटला. त्याची धाकटी बहीण मनी देवीच्या साथीत जाते, तेव्हाचा त्याचा आकांत वाचून मला पान उलटवेना. त्याने मला उपाय सांगितला नाही. पण आपल्यासारखं दुसरंही कुणी आहे, एवढ्या जाणिवेनेच मी तगलो.

आजही आमच्या तालुक्यातली पोरं पुण्याची एसटी धरतात. त्यांच्या बॅगेत हे पुस्तक असावं, असं फार वाटतं.