खालचा थर

अजिंठ्याला गेलेल्या माणसाने पद्मपाणीसमोर उभं राहावंच. पण जो स्वतः चित्रं काढतो त्याने, रंग जिथे झडला आहे तिथेही तेवढाच वेळ थांबावं. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात, सतराव्यात, अशा जागा कितीतरी आहेत. कुठे वरचा रंग गेला आणि खालची गेरूची रेघ उघडी पडली. कुठे रेघही गेली आणि चुन्याचा पातळ पांढरा थर तेवढा उरला. कुठे तोही सुटला आणि तूस, काड्या, तंतू मिसळलेला मातीचा गिलावा दिसतो. त्याच्याही मागे, गिलाव्याने पकड घ्यावी म्हणून मुद्दाम खडबडीत ठेवलेला काळा पाषाण. चित्रकारांनी पायरीपायरीने जे चढवलं, ते काळाने उलट्या क्रमाने उतरवत आणलं आहे. मला या भिंतीचं सगळ्यात मोठं देणं वाटतं ते हे की रंग उडालेल्या ठिकाणीसुद्धा बोटं बोटंच राहतात, मान तशीच वळलेली राहते. खालची रेघ एकटी पडली तरी लंगडत नाही.

मी पहूरचा. लेण्यांना वळसा घालून उतरणारी वाघूर नदी आमच्या गावावरून पुढे तापीकडे जाते. जळगावहून अजिंठ्याला जाणारा प्रत्येक प्रवासी पहूरच्या फाट्यावर चहा पिऊन पुढे सरकतो. मी जलरंग आणि रंगीत पेन्सिल अशा दोन माध्यमांत मिळून चित्र करतो आणि गावातल्या मुलामुलींना तेच शिकवतो. कामाला अट एकच घालतो: खालचा टप्पा उद्या एकटा उरला, तरी त्याच्याकडे चित्र म्हणून बघता आलं पाहिजे.

ओल्या चुन्यावर रंगवणाऱ्या युरोपातल्या भित्तिचित्रकाराला थांबायची मुभा नसे. सकाळी लावलेला गिलावा सुकण्याआधी तेवढा तुकडा पुरा करणं भाग. अजिंठ्याचं काम कोरड्या गिलाव्यावरचं. रंग पाण्यात कालवलेला, चिकटून राहावा म्हणून त्यात सरसासारखं काही घातलेलं. म्हणजे एक थर लावायचा, वाळू द्यायचा, बघायचं आणि मग दुसऱ्याला हात घालायचा, एवढी सवड त्या कारागिरांना होती. जलरंग या घराण्यातलाच. बारीक कुटलेला रंग आणि बाभळीच्या जातीच्या झाडाचा डिंक, यापलीकडे वडीत किंवा ट्यूबमध्ये फारसं काही नसतं.

फक्त एक मोठी अडचण आहे. डिंक पाण्यात पुन्हा विरघळतो. पहिला थर कितीही वाळलेला असू दे, दुसरा थर देताना ब्रश दोनदा-तीनदा घासला की खालचा रंग उठतो आणि दोन्ही मिळून चिखल होतो. म्हणून जलरंगात दुसरा हात एकदाच फिरवायचा असतो. भरलेला ब्रश, एक ओढ, आणि मागे वळून बघायचं नाही. तीन हात झाले की बहुतेक कागद थकतात. बारीक काम, कडा, पोत, सावलीतला शेवटचा गडदपणा यासाठी चौथ्या-पाचव्या हाताची गरज असते, आणि नेमकी तिथे मी पेन्सिल उचलतो. रंगीत पेन्सिलीची कांडी मेणाने किंवा तेलाने बांधलेली असते. ती खालच्या डिंकाला हलवत नाही. शिवाय तिचा रंग कागदाच्या दाण्याच्या फक्त उंचवट्यांवर बसतो, खळग्यांत आधीचा जलरंग तसाच राहतो. हिरव्या वॉशवर, म्हणजे पाणीदार रंगाच्या पातळ थरावर, तांबूस पेन्सिल हलकी फिरवा. दोन रंग मिसळत नाहीत, शेजारी शेजारी राहतात आणि लांबून बघणाऱ्याच्या डोळ्यात एक होतात. पॅलेटवर कालवलेल्या कुठल्याही तपकिरीला ती धग येत नाही.

आमच्याकडे काळी जमीन आणि कापूस. त्यामुळे शिकवताना मी फुटलेलं बोंड घेतो. सोपं म्हणून घेत नाही. पांढऱ्यावर पांढरं काढायचं आहे आणि पारदर्शक जलरंगात पांढरा रंग धरायचाच नसतो, पांढरा म्हणजे कोरा ठेवलेला कागद. त्यातून चांगला जलरंगाचा कागद कापसाचाच असतो. तीनशे ग्रॅमचा, मध्यम दाण्याचा, शंभर टक्के कापसाचा कागद समोर ठेवून मुलांना सांगतो, कापूस आधीच इथे आहे, आपल्याला फक्त त्याच्या आजूबाजूचं रंगवायचं आहे.

रेखाटन या कागदावर करायचं नाही. रफ कागदावर हवं तेवढं खोडा, मग खिडकीच्या काचेवर धरून हलक्या पेन्सिलीने उतरवून घ्या. खोडरबर कागदावरची खळ खरवडतो आणि तिथे रंग टिपकागदावर पडावा तसा शोषला जातो, तो डाग मग कशानेही जात नाही. रेघ उतरली की बोंडाच्या बाहेरची जागा स्वच्छ पाण्याने भिजवायची, अगदी कडेपर्यंत, पण कडेच्या आत थेंबही नको. त्या ओलीत अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना सोडायचे. ब्रशने ढवळायचं नाही, बोर्ड थोडा तिरपा करून त्यांना एकमेकांत जाऊ द्यायचं. कुठे निळसर, कुठे मातकट, पऱ्हाटीच्या गर्दीसारखी एक राखाडी पार्श्वभूमी तयार होते आणि मधे बोंड आपोआप उजळतं. त्याला अजून कुणी हात लावलेला नाही. इथे मी सगळ्यांना ब्रश खाली ठेवायला लावतो. हा पहिला टप्पा. यात बोंड ओळखू आलं नाही, तर पुढच्या कुठल्याच टप्प्यात ते नीट येणार नाही.

मग दुसरा टप्पा, आतली सावली. बोंडाच्या चार-पाच पाकळ्या असतात, प्रत्येकीला एक उजेडाची आणि एक अंधाराची बाजू. त्यासाठी इतका पातळ रंग लागतो की पॅलेटवर तो नुसतं मळकट पाणी वाटावा. निळ्याकडे, किंचित जांभळ्याकडे झुकणारा. एका पाकळीला लागून हा रंग ठेवायचा, तिथली कड धारदार राहू द्यायची, आणि दुसऱ्या बाजूला लगेच ओला, पण टपकत नसलेला ब्रश लावून ती विरवून टाकायची. एक कड सांगते की इथे पाकळी संपली, दुसरी सांगते की इथे ती वळली. पुस्तकं सावलीत थोडी ऊब घाला म्हणतात, पण गावात ते चालत नाही. कापसात पिवळट छटा दिसली की इथल्या नजरेला तो कवडी वाटतो, अळीने खाल्लेला, भाव न मिळणारा. एकदा शेजारचे एक काका शेतातून परतताना ओट्यावर थांबले. एका मुलीचं चित्र बराच वेळ बघून म्हणाले, "पोरी, हा कापूस पहिल्या वेचणीचा नाही." तिने सावलीला पिवळी माती वापरली होती. रंगाची इतकी नेमकी परीक्षा मी कुठल्या प्रदर्शनात ऐकलेली नाही.

वाळलेल्या टरफलासाठी आधी पिवळी माती, ती पूर्ण वाळली की वरून बर्न्ट सिएना, पण सगळीकडे नाही. खालचा पिवळा मधूनमधून दिसत राहिला पाहिजे. आणि मग पेन्सिल. टरफलाच्या शिरा, काट्यासारखं टोक, देठाजवळची भेग, हे सगळं गडद तपकिरी आणि इंडिगो पेन्सिलीने. काळी पेन्सिल मी डब्यातून काढूनच ठेवतो. कापसाला तर पेन्सिल जवळजवळ लावायचीच नाही. कडेला, जिथे तंतू हवेत सुटतात, तिथे राखी-जांभळ्या पेन्सिलीला टोक करून, कागदाला जेमतेम टेकवत, आतून बाहेर आठ-दहा झटके. मधल्या भागात तंतू काढायचा मोह प्रत्येकाला होतो. तिथे कागदाचाच दाणा तंतूचं काम करतो.

क्रम उलटा करून चालत नाही, कारण मेणावर पाणी ठरत नाही. पण हाच गुण एका ठिकाणी कामाला येतो. केळीच्या पानाच्या शिरा काढायच्या असतील तर कोऱ्या कागदावर फिकट पिवळ्या पेन्सिलीने, चांगला जोर देऊन, आधीच शिरा ओढून घ्याव्यात आणि वरून हिरवा वॉश द्यावा. पाणी मेणावरून घरंगळतं, शिरा उजळ राहतात. रावेर-यावलच्या बागांमध्ये उन्हातून पानाखाली उभं राहिलं की त्या जशा चमकतात, तशाच.

आता वाळण्याबद्दल. जलरंगाच्या पुस्तकांतलं 'थोडं वाळू द्या' हे वाक्य बहुधा इंग्लंडच्या हवेत लिहिलेलं असतं. खानदेशात मे महिन्यात पारा पंचेचाळिशीपुढे जातो आणि वॉश कागदाच्या या टोकापासून त्या टोकाला न्यायच्या आत मधेच वाळून पट्टा उमटतो. तेव्हा काम पहाटे. कागद मागूनही भिजवायचा, बोर्डवर ओलं फडकं अंथरून त्यावर ठेवायचा, पाण्यात ग्लिसरीनचे एक-दोन थेंब टाकायचे. पहिले दोन हात उजाडायच्या सुमारास उरकले की उरलेला दिवस पेन्सिलीचा, तिला उन्हाचं काही वाटत नाही. श्रावणात याच्या उलट. सकाळचा वॉश संध्याकाळीही हाताला गार लागतो, आणि कागद गार लागतो म्हणजे आत ओल आहे. ओल्या कागदावर पेन्सिल दाबली की रेघेऐवजी चर पडतो. वरून कोरडा दिसणारा कागद बोटांच्या पाठीमागच्या बाजूने तपासावा, डोळ्यांवर विसंबू नये.

वाट बघण्याच्या त्या मधल्या वेळात मला क्रिस्तियाना हेरिंगहॅम यांची आठवण येते. १८९९ साली त्यांनी चेन्निनो चेन्निनी या जुन्या इटालियन चित्रकाराच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर केलं. तो ग्रंथ म्हणजे टप्प्यांचीच पोथी आहे: फळीला सरस कसा द्यायचा, पांढरा लेप किती घासायचा, चेहऱ्याच्या कांतीखाली आधी हिरव्या मातीचा हात का द्यायचा. हे सगळं हाताने करून बघितलेल्या या बाई १९०९ ते १९११ दरम्यानच्या दोन हिवाळ्यांत अजिंठ्याच्या नकला करायला आल्या. सोबत नंदलाल बोस, असितकुमार हालदार, समरेंद्रनाथ गुप्त, वेंकटप्पा ही तरुण मंडळी. त्यांचं काम १९१५ साली लंडनहून पुस्तकरूपाने निघालं. त्यांच्याआधी रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून वर्षानुवर्षं तेलरंगात केलेल्या नकलांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जळाल्या. जे. जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी १८७२ पासून इथे राबले, त्यांच्याही कितीतरी नकला १८८५ च्या आगीत गेल्या. हिरव्या मातीच्या थरावर कांती चढवायला शिकलेली ती नजर, हिरवी माती पॅलेटवर असलेल्या अजिंठ्याच्या भिंतीवर पडली तेव्हा काय झालं असेल? तिला नुसतं वरचं चित्र दिसलं नसणार, ते कोणत्या हातावर कोणता हात चढत उभं राहिलं हेही दिसलं असणार, असं मला मनापासून वाटतं. टप्पे ज्याने स्वतः केलेत त्याला दुसऱ्याचे टप्पे वाचता येतात.

ग्रिफिथ्स यांच्या काळातलं एक काम मात्र मी मुलांना नेहमी सांगतो. रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवर वार्निश चढवलं गेलं. पुढे ते पिवळं पडलं, काळवंडलं, आणि ते काढणं हाच नंतरच्या जतनकारांचा मोठा उद्योग झाला. अजिंठ्याचा चित्रकार थर चढवताना वाट बघत होता, वार्निशाने शेवटचा थर परस्पर चढवला. आमच्या पेन्सिलीच्या कामावरही काही दिवसांनी मेणाचा धुरकट पापुद्रा येतो, तेव्हा बाजारात मिळणारा चकचकीत फवारा मारायची सगळ्यांनाच घाई होते. मऊ कापडाने तो पापुद्रा हलकेच पुसला जातो, आणि काचेखाली, कागद आणि काच यांत बोटभर अंतर ठेवून लावलेल्या चित्राला फवारा लागत नाही. वरून काही ओतून खालचं चांगलं होत नसतं.

त्यापेक्षा रंग टिकाऊ आहे का हे आधी पाहावं. प्रत्येक पेन्सिलीची आणि प्रत्येक रंगाची एक पट्टी काढून, तिचा अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून, थेट ऊन येणाऱ्या खिडकीत उन्हाळाभर ठेवायची. आमच्या उन्हासारखा परीक्षक नाही. स्वस्त डब्यांतले गुलाबी आणि जांभळे बहुधा सगळ्यात आधी विटतात, माती आणि गेरूपासून केलेले रंग ढिम्म हलत नाहीत. अजिंठ्याच्या पॅलेटवर गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळ आणि चुना होता. परदेशातून आलेला असा एकच, अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा निळा लाजवर्द. रेघ त्यांनी गेरूची घेतली, आणि ती टिकली.

पेन्सिलीचा टप्पा कुठे संपवायचा, हा प्रश्न मुलं रोज विचारतात. त्याचं उत्तर कागदच देतो. दाणा भरत आला की पेन्सिल पकड सोडते, घसरायला लागते, रंग चढायच्या ऐवजी चकाकी चढते. त्या खुणेच्या थोडं अलीकडे थांबायचं. तोवर जे आलं नसेल ते दुसऱ्या टप्प्यात राहून गेलेलं असतं, आणि ते शोधायला नवा कागद घ्यावा लागतो. म्हणून बोंड सुरू करताना मी प्रत्येकाला दोन कागद घ्यायला लावतो. दोन्हींवर एकदमच पार्श्वभूमी, एकदमच सावली. मग एक कागद पेन्सिलीसाठी पुढे जातो आणि दुसरा तिथेच थांबतो, सही करून, तारीख टाकून. वर्षाअखेरीला शाळेच्या व्हरांड्यात आम्ही चित्रं लावतो तेव्हा हे थांबलेले कागदही पुऱ्या झालेल्यांच्या शेजारीच लावतो. पालक दोन्हींसमोर उभे राहतात, आणि कापूस पिकवणारी माणसं बऱ्याचदा थांबलेल्या कागदाकडेच बोट दाखवतात.