चिरा, ब्लॉक आणि उतार

उतारावरच्या घराला सपाट अंगण हवे असेल तर ते घडवावे लागते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात टेकाडाच्या कुशीत घर बांधताना वरची बाजू खणतात, निघालेली माती खालच्या बाजूला पसरतात आणि मधल्या सपाटीवर जोते धरतात. खणलेली दरड पावसात सुटते, भरलेली माती घसरते. मागीलदारी अळू, हळद, केळी आणि पुढे मोगरा-अबोलीचे वाफे टिकवायचे तर या दोन्ही कडांना बांध हवा. तो जांभ्या चिऱ्याचा असो वा काँक्रीटच्या ब्लॉकचा, कामाचा कस कापणीत लागतो. चिरा आणि ब्लॉक ठरल्या मापाचे, थर दोरीत सरळ. जमीन मात्र तिरकी, वळणाची, कुठे उंच, कुठे खोल. सरळ थर तिरक्या जमिनीला भेटतो तिथे काहीतरी कापावेच लागते. जाणता गवंडी आधी जमीन कापतो, मग दगड.

जमीन कापायची ती पायाला पायऱ्या पाडून. भिंत उताराबरोबर वर चढत असेल तरी चराचा तळ तिरका ठेवता येत नाही. तिरक्या तळावर बसवलेला थर आपल्याच वजनाने खाली सरकतो. चर सपाट टप्प्यांनी खणायचा आणि प्रत्येक टप्पा थराच्या उंचीशी जुळवायचा. ब्लॉकचा थर सांध्यासह 20 सेंटिमीटरचा असेल तर पायरीही 20 ची, नाहीतर 40 ची. ती 15 ची पडली तर तिच्यावरचा सगळा थर आडवा चिरून पातळ करावा लागतो, आणि त्या कापणीत दिवस जातो. खणताना एक तास जास्त घालवला की हे टळते. तळाला कातळ लागला तर उत्तम, नाहीतर ठोकून बसवलेला मुरूम आणि त्यावर काँक्रीटचा थर. पहिला थर मातीखाली राहिला पाहिजे. तो दिसत नाही, पण पाय पुढे सरकू न देण्याचे काम तोच करतो.

भिंतीच्या पाठीशी माती नुसती टेकलेली नसते. कोरडी माती ओतली की तिची रास ठरावीक उताराला थांबते. त्याहून उभी राहिलेली माती बांध नसता तर खाली आली असती, आणि तिचाच रेटा बांध सोसतो. या रेट्याचे गणित फ्रेंच लष्करी अभियंता शार्ल कुलाँ याने मांडले. कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ल्याचे बांधकाम करून परतल्यावर त्याने लिहिलेला निबंध 1776 साली छापला गेला, आणि त्याचा गाभा आजही अभियांत्रिकीत शिकवला जातो. साध्या कोरड्या मातीसाठी हिशेब असा येतो की एक मीटर उंच भिंतीच्या दर मीटर लांबीला सुमारे 300 किलो रेटा बसतो. भिंत दोन मीटर झाली की रेटा दुप्पट न होता चौपट, म्हणजे 1200 किलो होतो. तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर लागत असल्याने भिंत उलथवण्याचा जोर तर आठपट होतो. म्हणून परसबागेत एक उंच भिंत घालण्यापेक्षा मधे वाफा सोडून दोन बुटक्या भिंती घालणे केव्हाही चांगले. दोघींत खालच्या भिंतीच्या उंचीच्या दुप्पट तरी अंतर हवे, नाहीतर वरचीचा भार खालचीवर येतो. कमरेहून फार उंच भिंत केवळ अंदाजाने बांधू नये. तिथे अभियंत्याचा हिशेब लागतो.

मातीपेक्षा पाणी जड जाते. माती आपल्या वजनाच्या साधारण एक तृतीयांशाने आडवी रेटते, कारण तिचे कण एकमेकांना घासून धरतात. पाण्याला असे धरणारे काही नाही. ते पूर्ण वजनाने रेटते. एक मीटर भिंतीमागे काठोकाठ पाणी साचले तर एकूण रेटा दुपटीच्या पुढे जातो. कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांत पडतो. इथले बांध आषाढात कोसळतात त्यात दगडाचा दोष क्वचितच असतो. पाण्याला वाट ठेवलेली नसते. सुक्या दगडांचे जुने गडगे शंभर फटींतून पाणी सोडतात आणि म्हणून उभे राहतात. सिमेंटने सांधे बंद केले की तो गुण जातो आणि वाट मुद्दाम ठेवावी लागते.

चिऱ्याची गोष्ट सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, सुरू होते. कोकणातला जांभा म्हणजे बहुतांशी बसाल्टचा शेष. उष्ण प्रदेशात पाऊस आणि कोरडे महिने आळीपाळीने येत राहिले की खडकातले चुना, मॅग्नेशियम, सोडियम आणि बरीचशी सिलिका विरघळून निघून जाते. लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडे मागे राहतात. जांभ्याचा तांबडा रंग लोहाचा आणि त्याची भोके निघून गेलेल्या द्रव्यांची. स्कॉटिश वैद्य फ्रान्सिस बुकॅनन याने केरळातल्या अंगाडीपुरम येथे हा दगड पाहिला आणि 1807 साली छापलेल्या प्रवासवृत्तात त्याचा सर्वांत उपयोगी गुण नोंदवला: जमिनीत असताना तो लोखंडी हत्याराने सहज कापता येतो, आणि बाहेर काढून हवेत ठेवला की विटेइतका कठीण होतो. हवेत ओल उडते, लोहाची द्रव्ये घट्ट स्फटिकरूप घेतात आणि दगड आपल्याच अंगाने आवळत जातो. कोकणातल्या गवंड्यांना हे कोणी पुस्तकातून सांगावे लागले नाही. चिरा ताजा असतानाच तासायचा, मग पावसा-उन्हात काही महिने रचून ठेवायचा आणि नंतर बांधकामाला घ्यायचा, ही रीत त्यांची स्वतःची.

पूर्वी चिरा हाताने काढत. कातळावर दोरीने रेघ आखायची, टिकावाने चारही बाजूंनी अरुंद चर पाडायचा आणि तळाशी पहार घालून ठोकळा उचलायचा. आता गोल पात्यांची यंत्रे सड्यावर उभ्या-आडव्या खाचा पाडत जातात आणि एका मापाचे चिरे भराभर सुटतात. पण ज्या सड्यावर खाण उघडते त्याच सड्यावर माणसाने फार पूर्वी वेगळ्या कारणासाठी कातळ कोरला आहे. बारसू, कशेळी, उक्षी, देवाचे गोठणे इथली कातळशिल्पे याच जांभ्यात आहेत, आणि 2022 पासून कोकणातली कातळशिल्पे जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आहेत. पावसाळ्यात या सड्यांवर जी गवते आणि फुले येतात त्यांतली काही दुसरीकडे उगवत नाहीत. घरामागच्या छोट्या बांधासाठी नवा सडा फोडण्याआधी पडक्या घराचे जुने चिरे शोधावेत, हा सल्ला म्हणूनच मनापासून द्यावासा वाटतो. जुना चिरा पुरता मुरलेला असतो. छिन्नीला दाद द्यायला वेळ लावतो, पण एकदा बसला की हलत नाही.

नवा चिरा घ्यायचा तर सुतकीने ठोकून पाहतात. खणखणीत आवाज आला तर तो पक्का. बद्द आवाजाचा, पिवळट-पांढऱ्या मातीने भोके भरलेला चिरा बाजूला काढावा. ती माती पावसात धुऊन जाते आणि मागे पोकळी उरते. उघडा जांभा पावसाने झिजतो याचे मोठे उदाहरण जुन्या गोव्यात उभे आहे. 1605 मध्ये पूर्ण झालेल्या बॉम जेझुस बासिलिकेच्या बाहेरच्या भिंतींचा चुन्याचा गिलावा 1950 च्या दशकात काढून टाकण्यात आला, आणि तेव्हापासून तिथला जांभा पावसाच्या माऱ्यात आहे. बागेच्या बांधाला गिलावा नको असेल तर निदान वरच्या थरावर बाहेर आलेला, पाणी निथळवणारा माथा तरी द्यावा.

काँक्रीटच्या ब्लॉकचे वय उलट्या दिशेने चालते. चिरा लवकर कापावा. ब्लॉक मात्र पुरेसे पाणी पिऊन, वाळून, महिनाभराचा झाल्याशिवाय कापू नये. कोवळ्या ब्लॉकच्या कडा पात्याखाली भुगा होऊन गळतात. बाजारात ज्याला 40 सेंटिमीटरचा म्हणतात तो ब्लॉक प्रत्यक्षात 39 चा असतो. उरलेला एक सेंटिमीटर सांध्यातल्या मसाल्याचा. कापताना हा सेंटिमीटर विसरला की दहाव्या ब्लॉकपर्यंत फरक डोळ्यांत भरतो.

कापणीच्या रीती दोन. पहिली छिन्नीची. ब्लॉक वाळूच्या गादीवर ठेवायचा, गुण्या लावून चारही बाजूंना रेघ मारायची आणि रुंद छिन्नी त्या रेघेवर हलक्या ठोक्यांनी फिरवायची. एकाच जागी जोराने मारलेला घाव ब्लॉक भलतीकडेच फोडतो. सगळ्या बाजूंनी खाच पडली की मग एक ठोका पुरतो. तुटलेली बाजू खडबडीत येते आणि मसाला तिला चांगला धरतो. बांधाच्या पोटात जाणाऱ्या तुकड्यांना ही रीत पुरेशी आहे, आणि तिला ना वीज लागते ना फारशी धूळ उडते. दुसरी रीत कटरची. हिऱ्याच्या पात्याला सुरीसारखी धार नसते. त्याच्या कडेवरच्या धातूत कृत्रिम हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात. ते काँक्रीट घासून काढतात, भोवतीचा धातू झिजतो आणि आतले नवे कण वर येतात. चार इंची पात्याची खोली तीन-साडेतीन सेंटिमीटरच, त्यामुळे ब्लॉक एका बाजूने आरपार कापायचा हट्ट करू नये. चारही बाजूंनी खाच पाडून शेवट छिन्नीने करावा. पाते तिरके दाबले तर अडकते आणि यंत्र हाताला झटका देते. पात्याचे कवच काढून काम करणे म्हणजे तर आपल्या बोटांशी वैर. पोकळ ब्लॉक पोकळीवरच कापला गेला तर त्याची उघडी बाजू सांध्यात लपेल असा बसवावा. कोपऱ्यावर आणि भिंतीच्या टोकाला नेहमी कारखान्याची अखंड बाजू यावी.

धुळीबद्दल सौम्य बोलून चालणार नाही. कोरडा ब्लॉक कापताना उठणाऱ्या ढगातला सर्वांत घातक भाग डोळ्यांना दिसतच नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक कण फुफ्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. त्यांत क्वार्ट्झ असेल तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही; स्फटिकरूप सिलिकेच्या धुळीला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1997 मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या द्रव्यांत धरले. बसाल्टच्या खडीत क्वार्ट्झ जवळजवळ नसतो, नदीच्या वाळूत मात्र तो भरपूर असू शकतो, आणि ब्लॉकमध्ये काय घातले आहे ते वरून कळत नाही. म्हणून पाण्याची धार सोडत कापावे. त्यासाठी पाण्याला चालणारे यंत्र आणि गळतीचा करंट तोडणारा स्विच हवा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतणे जीवावर बेतू शकते. तोंडाला बांधलेला रुमाल हे कण अडवत नाही, एन-95 दर्जाचा, नीट बसणारा मास्क अडवतो. तो आणून देणे घरमालकाचे काम आहे. रोजंदारीवर आलेल्या माणसाने तो मागायची वाट पाहू नये. कापल्यावर जागा कोरडी झाडू नये, ओली करून भुकटी गोळा करावी.

कुठे कापायचे हे आधी कोरड्या मांडणीत ठरते. सांध्यावर सांधा येऊ द्यायचा नाही, म्हणून एका आड एक थर अर्ध्या ब्लॉकने सुरू होतो. टोकाला दहा सेंटिमीटरची फट उरली तर दहाचा तुकडा बसवायचा मोह आवरावा. असा तुकडा मातीच्या पहिल्या धक्क्याला निखळतो. त्याऐवजी शेजारचा चाळीसचा ब्लॉक आणि ही फट मिळून पन्नास धरायचे आणि पंचविसाचे दोन तुकडे कापायचे. वळणाच्या भिंतीत ब्लॉक मागून निमुळता करावा लागतो. बाहेर फुगणाऱ्या, तीन मीटर त्रिज्येच्या वळणावर वीस सेंटिमीटर जाड ब्लॉकची मागची बाजू पुढच्यापेक्षा सुमारे 2.7 सेंटिमीटरने आखूड लागते, म्हणजे दोन्ही कडांनी सव्वा-दीड सेंटिमीटर तासले की पुढचे सांधे सारखे बसतात. बागेला आत, मातीकडे फुगणारे वळण देता आले तर अधिक चांगले. दोन्ही टोके पक्क्या जमिनीत रोवलेली असतील तर मातीचा रेटा तिथे सांधे उघडण्याऐवजी दाबून बंद करतो; कमानी धरणे याच तत्त्वावर उभी असतात.

प्रत्येक थर मागच्या मातीकडे किंचित झुकता ठेवायचा. चिऱ्याच्या बांधात मधूनमधून एखादा लांब चिरा आडवा, आत मातीकडे घुसवून बसवतात. तो पुढच्या दर्शनी रांगेला पोटाशी बांधतो. कापणीतल्या कपच्या फेकू नयेत. सुक्या बांधात त्या चिऱ्यांखाली पाचर म्हणून लागतात आणि बाकीच्या कपच्या खडीबरोबर भिंतीमागे भरायला जातात. त्या मागच्या भरावाची रुंदी फूटभर तरी हवी, त्यात चिकणमाती नको, आणि माती व खडी यांच्यामध्ये गाळणारे कापड हवे. तळाच्या थरात दर दीड-दोन मीटरवर बाहेर उतार असलेले पाइप ठेवावेत. माती एकदम न ओतता वीतभर जाडीच्या थरांनी भरून ठोकावी. वरच्या वाफ्यात उथळ मुळांची झाडे लावावीत. फणस-आंबा भिंतीपासून लांब, आणि सांध्यात उगवलेले पिंपळाचे रोप बोटभर असतानाच उपटावे.

पहिल्या पावसात पाइपांकडे पाहत राहावे. मोठ्या सरीनंतरही पाइप कोरडा असेल तर तो बुजला आहे आणि पाणी भिंतीमागे साचते आहे. बारीक सळईने तो मोकळा करावा. सुरुवातीचे एक-दोन दिवस गढूळ पाणी येणे साहजिक आहे. ते पुढेही तांबडेच येत राहिले तर भरावातली माती वाहून जाते आहे. मग पावसाची उघडीप मिळताच तेवढा भाग वरून उकरून कापड आणि खडी नव्याने बसवावी लागते.